बिडाच्या रोलरवर पोलादाचा थेंब : वितळलेल्या धातूच्या थेंबाच्या घनीभवनाचे संगणकीय प्रतिमान

प्रस्तावना

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याची ओळख साखर कारखान्यांचा जिल्हा अशी आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. पुढे संगमनेर, कोपरगाव, नेवासे, श्रीगोंदे या भागांतही सहकारी कारखाने उभे राहिले. या कारखान्यांविषयी सहकार, अर्थकारण व राजकारण या अंगांनी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र कारखान्याच्या मिलमध्ये गळीत हंगामात सातत्याने घडणाऱ्या एका भौतिक घटनेकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ती घटना म्हणजे वितळलेल्या पोलादाचा थेंब फिरत्या रोलरवर पडणे आणि निमिषार्धात थिजणे.

उसाच्या मिलचे रोलर बिडाचे असतात. पोलादी दांड्यावर बिडाचे कवच बसविलेले असते आणि त्यावर इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे दात कापलेले असतात. हे दात उसाचा थर पकडून दोन रोलरांमधील फटीत ओढतात. परंतु उसाचे तंतू, त्यांबरोबर येणारी माती व आम्लधर्मी रस यांच्या सततच्या घर्षणाने दातांच्या बाजू गुळगुळीत होतात. गुळगुळीत दात ऊस ओढीत नाहीत, थर घसरतो, मिलची क्षमता घटते आणि बगॅसमध्ये राहून जाणारी साखर वाढते. यावर कारखान्यांत रूढ असलेला उपाय 'आर्किंग' या नावाने ओळखला जातो. रोलर फिरत असतानाच वेल्डर दातांच्या बाजूंवर विशिष्ट रॉडने धातूचे लहान लहान ठिपके बसवीत जातो. क्रोमियमयुक्त कठीण धातूचे हे ठिपके दाताला पुन्हा खरखरीतपणा देतात व ऊस पकडतात.

ठिपका टिकला तर हंगाम सुरळीत जातो. तो निखळला तर दोन प्रकारे हानी होते. एक तर पकड जाते. दुसरे म्हणजे कठीण धातूचा तुकडा उसाच्या थराबरोबर पुढच्या मिलमध्ये जाऊन तेथील दात दुखावतो. काही वेळा ठिपक्याबरोबर दाताच्या बिडाचा टवकाही निघतो. ठिपका टिकणार की निखळणार, हे ज्या काळात ठरते तो काळ सेकंदाच्या दहाव्या भागाहून फारसा मोठा नाही. एवढ्या अल्प काळात, हजार-दीड हजार अंश तापमानाला, प्रखर ठिणगीच्या उजेडात काय घडते हे डोळ्यांनी पाहता येत नाही. म्हणून संगणकीय प्रतिमानाचा आधार घ्यावा लागतो. हे प्रतिमान कसे उभे राहते, त्यात कोणती माहिती खात्रीची असते व कोणती गृहीत धरलेली असते, याचे विवेचन येथे केले आहे.

थेंब आदळतो तेव्हा

थेंब पृष्ठभागावर आदळण्याच्या घटनेचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये ए. एम. वर्दिंग्टन यांनी सुरू केला. आडव्या काचेवर पडणाऱ्या द्रवाच्या थेंबांचे त्यांचे निरीक्षण १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी वेगवान छायाचित्रण नव्हते. विजेच्या ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात दिसलेला आकार त्यांनी हाताने रेखाटला. धातूचे थेंब फवारून मुलामा देण्याचे तंत्र मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वित्झर्लंडमधील माक्स उलरिख शूप यांनी विकसित केले. खेळण्यातल्या बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या भिंतीवर चपट्या होऊन चिकटलेल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, तीत प्रश्नाचे सार आले आहे : आदळलेला धातू किती पसरतो आणि का चिकटतो?

पसरण्याचे गणित तीन बलांच्या झगड्याचे आहे. थेंबाचा वेग त्याला बाहेर लोटतो. द्रवाचा अंतर्गत चिकटपणा, म्हणजे श्यानता, त्याला रोखतो. पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो. वेग व श्यानता यांच्या तुलनेला रेनॉल्ड्स अंक, तर वेग व पृष्ठताण यांच्या तुलनेला वेबर अंक म्हणतात. पोलिश शास्त्रज्ञ मादेयस्की यांनी १९७६ मध्ये थेंबाच्या पसरण्याचे व थिजण्याचे एकत्रित गणित मांडले. पृष्ठताण व घनीभवन दोन्ही नगण्य मानल्यास त्यातून एक सुटसुटीत सूत्र मिळते : थेंब आपल्या मूळ व्यासाच्या जितक्या पटीने पसरतो ती पट रेनॉल्ड्स अंकाच्या पंचमांश घाताला सुमारे १.२९ ने गुणल्यास येते.

हे सूत्र इतके सोपे आहे की ते सर्वत्र लावण्याचा मोह होतो. तो कोठे फसवा ठरतो हे दोन उदाहरणांवरून कळेल. फवारणीच्या मुलाम्यात पोलादाचा थेंब साधारण ५० मायक्रॉन व्यासाचा आणि त्याचा वेग सेकंदाला १०० मीटर मानू. त्याचा रेनॉल्ड्स अंक ५,८०० च्या आसपास आणि वेबर अंक १,९०० च्या आसपास येतो. सोप्या सूत्राने पसरण्याची पट ७.३ मिळते, पृष्ठताण हिशेबात घेतला तर ७.२. फरक नगण्य आहे. आता वेल्डिंगच्या रॉडवरून सुटलेला २ मिलिमीटर व्यासाचा, सेकंदाला १ मीटर वेगाचा थेंब घेऊ. त्याचा रेनॉल्ड्स अंक सुमारे २,३०० आहे, पण वेबर अंक जेमतेम ८. सोप्या सूत्राप्रमाणे तो सहा पटींनी पसरून १२ मिलिमीटरची पातळ चकती व्हावी. पृष्ठताणासह मादेयस्कींचेच पूर्ण समीकरण सोडविले तर पट १.६ येते, म्हणजे चकती सव्वातीन मिलिमीटरची आणि सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची. रोलरच्या दातावर प्रत्यक्षात चकती दिसत नाही, फुगीर ठिपका दिसतो. दुसरे उत्तर या निरीक्षणाशी जुळते. फवारणीच्या क्षेत्रातील सूत्र वेल्डिंगच्या क्षेत्रात जसेच्या तसे नेले तर उत्तर चौपट चुकते, आणि संगणक त्याबद्दल कोणतीही तक्रार करीत नाही.

बर्फापासून पोलादापर्यंत

थिजण्याच्या गणिताचा उगम मात्र थंड प्रदेशातला आहे. व्हिएन्ना येथील योसेफ स्टेफान यांनी १८८९ च्या सुमारास ध्रुवीय समुद्रावरील बर्फाच्या थराच्या वाढीचा अभ्यास केला. बर्फाचा थर वाढतो तसा तोच उष्णतेच्या वाटेत अडथळा होतो, त्यामुळे जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असा त्यांचा निष्कर्ष. घन व द्रव यांमधील सीमा स्वतःच सरकत असल्यामुळे हे गणित कठीण असते; अशा सर्व गणितांना आज स्टेफानचे नाव दिले जाते.

थेंबाच्या बाबतीत दोन गणिते एकाच वेळी सोडवावी लागतात : द्रवाचा बदलता आकार आणि सरकती घनसीमा. यासाठी अवकाशाचे लहान लहान घरांच्या जाळीत विभाजन करतात. १९८१ मध्ये हर्ट व निकोल्स यांनी सुचविलेल्या पद्धतीत प्रत्येक घराला एक अपूर्णांक दिला जातो : घर पूर्ण द्रवाने भरले असेल तर एक, रिकामे असेल तर शून्य, आणि थेंबाची कड ज्या घरातून जाते तेथे मधली किंमत. घनीभवनासाठी प्रत्येक घरातील एकूण उष्णतेचा हिशेब ठेवतात. तापमान न बदलता सुप्त उष्णता बाहेर पडते तो टप्पा या हिशेबात आपोआप सामावतो. घनसीमेचा वेगळा माग काढावा लागत नाही. व्होलर व प्रकाश यांनी १९८७ मध्ये त्यात आणखी एक युक्ती जोडली. अर्धवट थिजलेले घर सच्छिद्र पदार्थासारखे मानावे. जसजसे ते घन होईल तसतशी त्यातून द्रवाची वाट बंद होत जावी. आजच्या बहुतेक आज्ञावलींच्या मुळाशी या दोन कल्पना आहेत.

या साधनांची कसोटी पाहणारा एक महत्त्वाचा अभ्यास कॅनडातील टोरांटो विद्यापीठात झाला. पसंदीदेह-फर्द, भोला, चंद्रा व मुस्तघिमी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कामात कथिलाचे थेंब पोलादी पट्टीवर पाडून त्यांची छायाचित्रे घेतली, पट्टीचे तापमान मोजले आणि त्याच घटनेचे संगणकीय प्रतिमान केले. छायाचित्रे व गणित यांचा मेळ बसला. परंतु तो मेळ बसण्यासाठी एक संख्या बाहेरून घ्यावी लागली. थेंब व पट्टी यांच्या सांध्यातून उष्णता किती सहज जाते, ही ती संख्या. ती सिद्धांतातून निघत नव्हती. मोजलेले तापमान व गणिताचे तापमान जुळवून तिचा अंदाज बांधावा लागला. या अभ्यासाचे खरे मोल या स्पष्टतेत आहे.

सांधा : प्रतिमानाची दुखरी जागा

वितळलेला धातू पृष्ठभागाला सर्वत्र चिकटून बसत नाही. पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे असतात, त्यांत हवा अडकते. त्यावर गंज, तेल वा ओल असते. उष्णता काही बिंदूंवरूनच पलीकडे जाते. या अडथळ्याला स्पर्शरोध म्हणू. तो किती निर्णायक आहे हे वरच्याच २ मिलिमीटरच्या थेंबावर ताडून पाहता येते.

अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादाचा थर थिजण्यासाठी, सुरुवातीची जादा उष्णता धरून, दर चौरस मीटरला सुमारे १५ लाख ज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. सांध्याची संवाहकता दर चौरस मीटरला, दर अंशाला १०,००० वॉट मानली आणि इतर सर्व अडथळे सोडून दिले तर थिजायला ०.११ सेकंद लागतो. तीच संवाहकता दहापट धरली तर ०.०११ सेकंद. सांधा परिपूर्ण मानला तरी बीड स्वतः उष्णता शोषण्यास वेळ घेते व सुमारे ०.०१५ सेकंद लागतोच. थेंब पसरण्याचा काळ साधारण ०.००५ सेकंद आहे. म्हणजे सांधा चांगला असल्यास पसरणे व थिजणे जवळजवळ हातात हात घालून चालतात आणि कड वर उचललेली राहते; सांधा वाईट असल्यास थेंब आधी पसरतो, पृष्ठताणाने पुन्हा गोळा होतो आणि मग सावकाश थिजतो. दोन्ही आकार भिन्न, दोन्हींची पकड भिन्न. थेंबाचा व्यास, तापमान, वेग यांतील दहा टक्क्यांची चूक प्रतिमान सहन करते. या एका संख्येतील दहापटीची अनिश्चितता मात्र संपूर्ण उत्तर फिरविते.

स्टेफानच्या वर्गमुळाच्या नियमाचेही येथे तेच होते. बर्फाचा जाड थर स्वतःच अडथळा होता. थेंब पातळ असतो. त्यात वाईट सांधा हाच मुख्य अडथळा राहतो, आणि मग घन थराची जाडी काळाच्या वर्गमुळाने न वाढता थेट काळाच्या प्रमाणात वाढू लागते. पाठ्यपुस्तकातील नियम सर्वांना पाठ असतो. तो कोठे लागू पडत नाही हे बहुधा शिकवायचे राहून जाते.

पृष्ठभागाची स्थिती किती बदल घडवू शकते याचे उत्तम उदाहरण जपानमधील फुकुमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखविले. थंड पट्टीवर फवारलेले थेंब फुलाच्या पाकळ्यांसारखे फाटून उडत. तीच पट्टी काही शे अंशांपर्यंत आधी तापविली की ते नीट गोल चकत्या होत. एका ठरावीक तापमानाच्या आसपास हा बदल घडे. तापविल्याने पृष्ठभागावर चिकटलेली ओल व वायू निघून जातात, हे त्याचे एक कारण मानले जाते.

ओला रोलर

नेमकी येथेच साखर कारखान्यातील घटना प्रयोगशाळेपासून दूर जाते. रोलर तापविलेला नसतो, कोरडाही नसतो. त्यावरून उसाचा रस वाहत असतो. शिवाय तो फिरत असतो. ९०० मिलिमीटर व्यासाचा रोलर मिनिटाला चार फेरे घेत असेल तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर सरकतो. थेंब थिजेपर्यंतच्या दशांश सेकंदात दात जवळजवळ दोन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. थेंब उभा पडत नाही, तिरका घासत बसतो. म्हणून प्रतिमान द्विमितीय ठेवून भागत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न चिकटण्याचा आहे. थेंब आपल्या उष्णतेने दाताचे बीड वितळवतो व त्यात मिसळतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. हिशेब वेगळे सांगतो. द्रव पोलाद व बीड या दोहोंची उष्णता वाहून नेण्याची व साठविण्याची एकत्रित क्षमता जवळपास सारखी आहे. त्यामुळे सांधा परिपूर्ण मानला तरी ६० अंशांच्या बिडावर पडलेल्या पोलादाच्या थेंबाखालील तापमान ९०० ते १,००० अंशांच्या दरम्यान स्थिरावते. बीड वितळू लागते सुमारे १,१५० अंशांना. नुसता पडलेला थेंब बीड वितळवू शकत नाही. ते काम विजेची कमान करते : थेंब पडण्याआधी व पडताना तीच दाताचा पृष्ठभाग तापविते, रस उडविते आणि एक लहान द्रव डबके तयार करते. तेव्हा आर्किंगचे प्रतिमान केवळ थेंबापासून सुरू करणे अपुरे आहे. त्यात कमानीची उष्णता स्वतंत्र स्रोत म्हणून घालावी लागते. वेल्डिंगच्या अभ्यासात यासाठी कॅनडातील गोल्डाक व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सुचविलेले अंडाकृती उष्णतास्रोताचे प्रतिमान प्रचलित आहे. कुशल वेल्डर कमानीची लांबी आखूड व हात स्थिर ठेवतो, त्यामागचे कारण या हिशेबात सापडते.

बीड वितळले म्हणजे काम फत्ते झाले, असेही नाही. बिडात सुमारे तीन टक्के व त्याहून अधिक कार्बन असतो आणि तो मुख्यतः ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. बीड झपाट्याने तापून झपाट्याने थंड झाले की हा कार्बन पुन्हा ग्राफाइट होण्यास वेळ मिळत नाही. ठिपक्याखाली कठीण पण ठिसूळ असे पांढरे बीड तयार होते. दशांश सेकंदात उष्णता बिडात एक-सव्वा मिलिमीटर खोल जाते, म्हणजे ठिसूळ पट्टाही त्याच मापाचा असतो. ठिपका कठीण असतो, पण त्याचे आसन ठिसूळ असते. टवका निघतो तो बहुधा या पट्ट्यातून. म्हणून प्रतिमानाकडे 'ठिपका केव्हा थिजला' याबरोबरच 'त्याखालचे बीड कोणत्या वेगाने थंड झाले' हेही विचारले पाहिजे. कारखान्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि प्रकल्प अहवालांतील रंगीत चित्रांत तोच बहुधा अनुपस्थित असतो.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत

लोणी, संगमनेर व कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालये साखर कारखान्यांच्या परिसरातच उभी आहेत. प्रश्न आणि प्रयोगशाळा यांत काही किलोमीटरचेच अंतर आहे. साधनांची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. २००४ मध्ये मुक्त स्वरूपात उपलब्ध झालेल्या 'ओपनफोम' या आज्ञावलीत द्रवाच्या बदलत्या कडेचे गणित करण्याची सोय आहे, आणि तिच्या वापराचे शिक्षणसाहित्य मुंबईच्या आय.आय.टी.तील 'फॉसी' प्रकल्पाने विनामूल्य उपलब्ध केले आहे.

तथापि आरंभ एकमितीय गणितापासून करणे हितावह. थेंबाचा थर व त्याखालचे बीड यांची ०.०२ मिलिमीटरच्या घरांत विभागणी केली की थेंबात २५ घरे येतात. प्रत्येक घरातील उष्णतेचा हिशेब सांत-अंतर पद्धतीने पुढे नेताना काळाचे पाऊल सुमारे १४ मायक्रोसेकंदांहून मोठे घेता येत नाही. घेतल्यास उत्तरे वरखाली उसळू लागतात. ०.१ सेकंदासाठी साधारण ७,००० पावले होतात. साध्या संगणकाला हे काम किरकोळ आहे, तक्तापत्रकातही ते दाखविता येते. घरांचा आकार निम्मा केला तर काळाचे पाऊल चतुर्थांश होते आणि काम आठपट वाढते, हा अनुभव विद्यार्थ्याने स्वतः घेतलेला बरा. घरे बारीक केल्यावर उत्तर बदलत असेल तर आधीचे उत्तर उत्तर नव्हतेच, हे त्याला तेव्हाच उमजते.

याला जोड हवी ती मोजमापाची. भंगारात निघालेल्या रोलरचा तुकडा कापून त्यावर कथिलाचे थेंब पाडता येतात. कथिल २३२ अंशांना वितळते, त्यामुळे भट्टीची गरज नाही. मात्र कथिलाचा पृष्ठताण पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. ५ सेंटिमीटर उंचीवरून पाडलेल्या २ मिलिमीटरच्या कथिलाच्या थेंबाचा वेग सेकंदाला १ मीटर होईल खरा, पण त्याचा वेबर अंक २६ येईल. पोलादाच्या थेंबाशी साम्य राहणार नाही. ते राखायचे तर थेंब अवघ्या दीड सेंटिमीटरवरून पाडावा लागतो. बिडाच्या तुकड्यात पृष्ठभागालगत बारीक तारेचे तापयुग्म बसवावे. जाड मण्याचे तापयुग्म घटना संपल्यावर जागे होते. पृष्ठभाग एकदा घासून स्वच्छ, एकदा गंजलेला, एकदा तेलकट आणि एकदा तापविलेला असे चार प्रकार घेतले, प्रत्येकाचे तापमान एकमितीय गणिताशी जुळविले, तर बिडावरील स्पर्शरोधाच्या चार किंमती हाती येतात. ओल्या पृष्ठभागाचा प्रयोग शेवटी व चेहऱ्यावर संरक्षक ढाल घेऊनच करावा. वितळलेल्या धातूखाली अडकलेले पाणी क्षणात वाफ होऊन धातू उडविते. रोलरवर प्रत्येक ठिपक्याखाली तीच वाफ असते, आणि ती ठिपक्यात छिद्रे किती ठेवून जाते हे निखळलेले ठिपके कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रतिमानातून कळणार नाही. असे निखळलेले तुकडे मिलच्या फडावर हंगामभर सापडतात. ते तारीख व मिलचा क्रमांक लिहून जपून ठेवणे एवढेच काम त्यासाठी प्रथम व्हावे लागते.